जेकब यांचे जोडतारे : एक टिकला, एक विरला

हा लेख लिहायचे निमित्त दौलताबादला घडले. मे महिना होता. किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात एका स्नेह्यांच्या अंगणात आम्ही आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठेवला होता. आसपासच्या गावांतून तीस-पस्तीस मुले आणि चार शिक्षक आले होते. दुर्बीण सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटर व्यासाच्या आरशाची होती. वृश्चिक रास आग्नेयेला नुकती वर आली होती. अनुराधा नक्षत्राच्या वरच्या टोकाच्या ताऱ्याजवळ न्यू स्कॉर्पिआय नावाचा एक मंद तारा आहे. मी दुर्बीण त्यावर लावली आणि मुलांना सांगितले, “हा डोळ्यांना एक दिसतो, पण हे चार तारे आहेत. पाहा बरे.”

मुले रांगेने येत होती. “दिसले का चार?” “हो सर, चार.” असे वीस-पंचवीस जणांनी सांगितले. मग नववीतली एक मुलगी आली. बराच वेळ डोळा लावून उभी राहिली आणि म्हणाली, “सर, मला तीनच दिसतात.” मागून कोणीतरी हसले. मी तिला “नीट बघ” असे म्हणालो, हे कबूल करायला हवे. तिने पुन्हा पाहिले आणि पुन्हा “तीनच” म्हणाली. तेव्हा मी स्वतः नेत्रिकेला डोळा लावला. तारे उकळत्या पाण्यातल्या साबुदाण्यासारखे थरथरत होते. खालची मंद जोडी अधूनमधून सुटी होत होती. वरचा तेजस्वी तारा मात्र एकच गोळा होता. तीनच तारे दिसत होते.

त्या मुलीने नेमके तेच पाहिले होते, जे १८४७ मध्ये पुण्यात कॅप्टन जेकब यांनी पाहिले होते. म्हणून या लेखात त्यांच्या कामाचे थोडे परीक्षण करायचे आहे, आणि त्याच्या उजेडात आपल्या आकाशदर्शनाचेही.

कोण हे जेकब?

विल्यम स्टीफन जेकब यांचा जन्म १८१३ चा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील अभियंता दलात ते होते. १८३१ मध्ये ते हिंदुस्थानात आले आणि काही वर्षे त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काम केले. १८४२ मध्ये त्यांनी पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा उभारली. १८४५ ते १८४८ या काळात तेथून त्यांनी २४४ जोडताऱ्यांची निरीक्षणे केली आणि त्यांची सूची लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला सादर केली. पुढे ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. तेथे १८५० मध्ये त्यांच्यासाठी पॅरिसच्या लेरबूर यांनी ६.३ इंच व्यासाची दुर्बीण बनवली. आज एखाद्या शाळेच्या कपाटात जी दुर्बीण असते, तिच्यापेक्षा ही केसभरच मोठी. तिच्या साह्याने त्यांनी २५० जोडताऱ्यांची ९९८ मापने छापली. एका ताऱ्याला सरासरी चार मापने, हा आकडा लक्षात ठेवावा, त्याचा पुढे संबंध येणार आहे.

जोडताऱ्याचे माप म्हणजे दोन गोष्टी. दोन ताऱ्यांतील कोनीय अंतर, आणि मुख्य ताऱ्यापासून सोबती कोणत्या दिशेला आहे तो स्थितिकोन. अंतर विकलांत मोजतात. अंशाचा साठावा भाग कला आणि कलेचा साठावा भाग विकला. एक विकला म्हणजे किती? २५ मिलिमीटर व्यासाचे जुने रुपयाचे नाणे पाच किलोमीटरवर धरले तर ते जेवढे दिसेल तेवढी. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे ६० विकला, एवढे अंतर सुटे दिसते. अरुंधती आणि वसिष्ठ यांच्यात जवळजवळ १२ कला अंतर आहे, म्हणून ती जोडी डोळ्यांना दिसते. खुद्द वसिष्ठ हाही जोडतारा आहे, पण त्याच्या घटकांत १४ विकलाच अंतर असल्याने तेथे दुर्बीण लागते.

जो तारा टिकला

न्यू स्कॉर्पिआयचे दोन ठळक घटक ४१ विकला अंतरावर आहेत आणि ते जेकब यांच्या आधीपासून ठाऊक होते. त्यांपैकी मंद घटक स्वतःच दुहेरी आहे, त्यातील अंतर सव्वादोन विकलांच्या आसपास आहे, हे जेकब यांनी १८४७ मध्ये ओळखले. अमेरिकेत सिनसिनाटी येथे मिचेल यांनाही ती जोडी साधारण त्याच सुमारास दिसली होती आणि आजच्या सूचीत तिच्यावर मिचेल यांची खूण आहे. श्रेयाचा वाद बाजूला ठेवू. परीक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की एकमेकांना न विचारता, पृथ्वीच्या दोन बाजूंना, दोन वेगळ्या दुर्बिणींतून दोन माणसांना एकच गोष्ट दिसली. हा शोध आजही कोणीही अंगणात तपासू शकतो.

पुण्याचा आणखी एक फायदा होता. न्यू स्कॉर्पिआय पुण्याहून जास्तीत जास्त ५२ अंश उंच जातो. लंडनहून तो १९ अंशांवर जात नाही. उंची ५२ अंश असताना प्रकाशाला डोक्यावरच्या हवेच्या सव्वापटीहून थोडी जास्त हवा पार करावी लागते, १९ अंशांवर तिप्पट. जेकब हे जाणून होते. युरोपातल्या मोठ्या दुर्बिणींशी स्पर्धा करण्याऐवजी, त्यांना जे नीट दिसत नव्हते ते दक्षिणेकडचे आकाश त्यांनी निवडले. आपल्याजवळ काय कमी आहे हे ओळखावे, आणि काय जास्त आहे हेही, असा धडा त्यांच्या निवडीतून मिळतो.

वरचा तेजस्वी घटकही दुहेरी आहे, अंतर सुमारे १.३ विकला. तो जेकब यांना सुटा दिसला नाही. १८७० च्या दशकात शिकागोतील बर्नहॅम या हौशी निरीक्षकाने सहा इंची दुर्बिणीतून तो शोधला. हे गृहस्थ दिवसा न्यायालयात लघुलेखनाचे काम करीत. जेकब यांनी जेथे एक दिसला तेथे एकच लिहिला, म्हणून त्यांची नोंद ‘चूक’ ठरत नाही. त्यांच्या साधनाने, त्या हवेत, तीन दिसले. एवढेच त्यांनी सांगितले.

जो ग्रह विरला

आता दुसरे काम. १८५५ मध्ये जेकब यांनी भुजंगधारी राशीतील ७० क्रमांकाच्या ताऱ्यावर एक टिपण प्रसिद्ध केले. हा जोडतारा विल्यम हर्शेल यांनी १७७९ मध्ये शोधला. तो १६.६ प्रकाशवर्षे अंतरावर, म्हणजे आपला शेजारीच आहे. त्याचे दोन घटक सुमारे ८८ वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात. जेकब यांना दिसले, की सोबती तारा गणिताने काढलेल्या कक्षेवर नेमका राहत नाही, थोडा पुढेमागे होतो. त्यांनी अनुमान काढले की या जोडीत न दिसणारा तिसरा पिंड, एक ग्रह, असण्याचा बराच संभव आहे. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा निरीक्षणांवर आधारलेला हा बहुधा पहिला दावा, आणि तो हिंदुस्थानातून केला गेला.

हे अनुमान हास्यास्पद मुळीच नव्हते. व्याधाचा तारा आकाशात सरळ न सरकता नागमोडी सरकतो, यावरून १८४४ मध्ये बेसेल यांनी त्याला अदृश्य सोबती असल्याचे भाकीत केले होते. १८४६ मध्ये युरेनसच्या गतीतील विसंगतीवरून नेपच्यून सापडला होता. ‘विसंगती आहे, म्हणजे न दिसणारा पिंड आहे’ हा तर्क त्या दशकात दोनदा मांडला गेला आणि एकदा तर डोळ्यांसमोर खराही ठरला. जेकब यांनी तोच वापरला. मग ते कोठे चुकले?

पहिली गोष्ट, विसंगतीचा आकार. व्याधाचे डोलणे मध्यापासून दोन्ही बाजूंना दोन-अडीच विकलांचे आहे. ७० भुजंगधारीची विसंगती विकलेच्या लहानशा अंशात होती. तेव्हाची मापने नेत्रिकेतील कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू ताऱ्यांवर टेकवून होत. हवा थरथरत असताना, चार-चार मापनांच्या सरासरीने, हा अंश विश्वासाने धरता येईल का? विसंगती आणि मापनातील चूक एकाच मापाच्या असतील तर विसंगतीवर काहीही उभारता येत नाही.

दुसरी गोष्ट, निरीक्षक बदलले की चूकही बदलते. एकाला मंद सोबती नेहमी किंचित जवळ भासतो, दुसऱ्याला तिरप्या रेषेचा कोन किंचित जास्त वाटतो. अशी चूक कितीही मापने घेतली तरी सरासरीत नाहीशी होत नाही, कारण ती दर वेळी एकाच बाजूला झुकते. हर्शेल यांच्यापासून जेकब यांच्यापर्यंत अनेकांची मापने एका माळेत ओवली, की प्रत्येकाचा झुकाव त्या माळेत वळण बनून येतो. ते वळण ग्रहाचे, की माणसांचे, हे वेगळे करता यायला हवे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १७७९ ते १८५५ ही ७६ वर्षे होतात. ताऱ्याची एक फेरी ८८ वर्षांची. म्हणजे एक फेरीसुद्धा पूर्ण पाहिलेली नव्हती, आणि सुरुवातीची मापने तर ओबडधोबड होती. ज्या कक्षेपासून तारा ढळतो असे म्हणायचे, ती कक्षाच अजून पक्की नव्हती. मोजपट्टी वाकडी असेल तर सरळ काठीही वाकडी वाटते.

पुढची कथाही बोधक आहे. १८९६ मध्ये अमेरिकेत सी यांनी याच ताऱ्याला अदृश्य सोबती असल्याचे पुन्हा सांगितले. १८९९ मध्ये मोल्टन यांनी दाखवले की तशी तीन पिंडांची व्यवस्था टिकूच शकत नाही. १९४३ मध्ये रॉइल आणि होल्मबर्ग यांनी आणखी एकदा दावा केला. १९८८ मध्ये हाइन्ट्स यांनी सगळी मापने पुन्हा तपासली आणि ग्रहाचा पुरावा नसल्याचे सांगितले. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला पक्का ग्रह १९९५ मध्ये, ५१ पेगासी या ताऱ्याजवळ, अगदी वेगळ्या रीतीने सापडला. ७० भुजंगधारीचा ग्रह मात्र जेकब यांच्यासाठी विरला तो विरलाच.

तरी जेकब यांच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. त्यांनी ‘संभव आहे’ असे म्हटले, ‘सापडला’ असे म्हटले नाही. आणि आपली मापने त्यांनी छापून ठेवली. म्हणूनच इतरांना ती तपासता आली. चुकीचा निष्कर्षही आकड्यांसह छापला तर विज्ञानाच्या उपयोगी पडतो. निष्कर्ष तेवढा सांगून आकडे खिशात ठेवले, तर बरोबर असूनही तो कोणाच्या उपयोगाचा नाही.

आपली पुस्तके

हे सगळे दीडशे वर्षांपूर्वीचे. पण आपल्या आकाशदर्शनाच्या पुस्तकांत आणि तक्त्यांत तीच चूक उलट्या बाजूने होते, अशी माझी तक्रार आहे. जेकब यांनी जे दिसले त्यातून जास्त काढले. आपण जे लिहिले आहे तेच मुलांना दिसायला लावतो.

बहुतेक पुस्तकांत डॉज यांचा नियम असतो. ११६ ला दुर्बिणीच्या मिलिमीटरमधील व्यासाने भागा, किती विकलांचा जोडतारा फुटेल ते कळते. १५० मिलिमीटरला उत्तर ०.७७ विकला. डॉज हे इंग्लंडमधील पाद्री आणि तीक्ष्ण नजरेचे निरीक्षक. त्यांनी हा नियम अनुभवातून काढला, तो सारख्या तेजाच्या, फार ठळक नसलेल्या दोन ताऱ्यांसाठी आणि स्थिर हवेसाठी. पुस्तकात नियम येतो, अटी गळून पडतात. व्याधाचा सोबती आज सुमारे ११ विकला दूर आहे. नियमाने पाहिले तर ५० मिलिमीटरच्या दुर्बिणीलाही तो सहज सुटा दिसावा. प्रत्यक्षात व्याध त्याच्यापेक्षा सुमारे ९ हजार पट तेजस्वी असल्याने सहा इंची दुर्बिणीतही तो महाकठीण. ज्येष्ठाचा सोबती अडीच विकलांवर आहे, तोही मुख्य ताऱ्याच्या लाल झगमगाटात बुडतो. आम्ही दौलताबादला न्यू स्कॉर्पिआय साडेनऊला पाहत होतो. तेव्हा तो २३ अंशांवर होता, खाली छत्रपती संभाजीनगरच्या दिव्यांचा उजेड, आणि मध्ये शेजारच्या घराचे दिवसभर तापलेले पत्रे. अशा हवेत १.३ विकलांची जोडी फुटणार नव्हती. मी सूत्राच्या भरवशावर “चार” म्हणून बसलो होतो.

दुसरा दोष तारखेचा. जोडताऱ्यांच्या यादीत अंतर देतात, ते कोणत्या वर्षीचे हे देत नाहीत. जणू ते गावागावांतले अंतर आहे. कॅस्टर, म्हणजे पुनर्वसूतला एक तारा, १९७० च्या सुमारास सुमारे २ विकला अंतराचा जोडतारा होता. आज ते अंतर ५ विकलांहून जास्त आहे. कन्या राशीतला पोरिमा २००५ मध्ये ०.४ विकलांपर्यंत मिटला होता आणि आज पुन्हा ३ विकलांच्या पुढे उघडला आहे. जुनी यादी नव्या पुस्तकात उतरवली की कठीण तारा सोपा होतो आणि सोपा कठीण. मुलाला दिसत नाही, आणि दोष त्याच्या डोळ्यांना लागतो. खरे तर ‘अंतर बदलते’ हीच शिकवण्यासारखी गोष्ट आहे. तारे गुरुत्वाकर्षणाने एकमेकांभोवती फिरतात, हे ज्या पानावर दिसायचे तेच पान आपण कोरे ठेवतो.

शिक्षकांनी काय करावे?

जोडतारे शाळेला फार सोयीचे आहेत. त्यांना गडद आकाश लागत नाही, शहराच्या गच्चीवरूनही दिसतात. गायिया या अवकाशयानाने २०२५ पर्यंत निरीक्षणे करून लाखो जोडतारे नोंदवले, तरी हौशी निरीक्षकांची मापने आजही प्रसिद्ध होतात. पण त्याआधी पाहायला शिकवले पाहिजे. मी आता असे करतो.

दुर्बीण किमान तासभर आधी बाहेर ठेवावी, म्हणजे आरसा हवेइतका थंड होतो. तारा शक्य तितका उंच आल्यावर पाहावा. पत्रे, डांबरी रस्ता आणि तापलेला कातळ यांच्यावरून पाहू नये. शक्ती दीडशे पटींच्या वर न्यावी.

मुलांना किती तारे आहेत हे आधी सांगू नये. प्रत्येकाने पाहून, न बोलता, कागदावर चित्र काढावे. त्यात सोबती कोणत्या बाजूला आहे हे दाखवावे. रांगेत अधूनमधून एक साधा, एकटा तारा लावावा. त्यातही कोणी दोन काढले तर त्याला रागावू नये, मन कसे काम करते हे सर्वांना दिसते. शेवटी चित्रे शेजारी ठेवावीत. सोबतीची बाजू सगळ्यांच्या चित्रांत एकच आली, तर तो खरोखर दिसला. नुसते “दोन” सांगता येते, दिशा मनाने रचता येत नाही.

यासाठी अभिजितच्या शेजारचा एप्सिलॉन हा स्वरमंडलातील तारा उत्तम. त्यात साडेतीन कला अंतरावर दोन तारे आहेत आणि प्रत्येक पुन्हा सव्वादोन ते अडीच विकलांची जोडी आहे. गंमत अशी की या दोन जोड्या एकमेकींशी जवळजवळ काटकोनात आहेत. हे मुलांना सांगू नये. ज्याच्या कागदावर एक जोडी उभी आणि दुसरी आडवी येईल, त्याने तारा फोडला आहे.

त्या रात्री पुढे

जेकब यांना पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा उभारायची होती. उंचीवर हवा स्थिर असते हे त्यांनी ओळखले होते. १८६२ मध्ये ब्रिटिश संसदेने त्यासाठी एक हजार पौंड मंजूर केले. नऊ इंची दुर्बीण त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतली. ८ ऑगस्टला ते मुंबईत उतरले आणि १६ ऑगस्टला पुण्यात वारले. वय ४८. बेत तेथेच थांबला. पुणे परिसरातल्या डोंगरावर, गिरवलीला, आयुकाची दोन मीटरची दुर्बीण उभी राहिली ती २००६ मध्ये.

दौलताबादचीही अशीच एक नोंद आहे. फेरिश्ता लिहितो की बहमनी सुलतान फिरोजशाहाने हिजरी ८१० मध्ये, म्हणजे १४०७-०८ च्या सुमारास, दौलताबादजवळच्या घाटमाथ्यावर वेधशाळा बांधायला सांगितली होती. ज्यांच्यावर ते काम होते ते हकीम हसन गिलानी वारले आणि ती अर्धवट राहिली. एका माणसावर उभे असलेले काम त्या माणसाबरोबर जाते. पाहण्याची सवय मात्र अनेकांना लावता येते, आणि ती शाळेतच लावता येते.

त्या रात्री अकराला बस निघाली आणि मुले गेली. अशा कार्यक्रमांची वेळ बसवर ठरते, ताऱ्यांवर नाही, हीही एक तक्रारच. मी थांबलो. एकच्या सुमारास वृश्चिक दक्षिणेला पन्नास अंशांवर आला होता, पत्रे निवले होते, आरसा थंड झाला होता. वरच्या ताऱ्याचा गोळा हळूहळू आकसला, लांबट झाला, आणि क्षणभर दोन ठिपके एकमेकांना टेकलेले दिसले. मी चार लिहिले, पुढे वेळ लिहिली. आज वर्णपट आणि इतर साधनांनी त्या समूहात किमान सात तारे असल्याचे मानतात.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या शाळेत निरोप पाठवला. साडेनऊला तिने सांगितलेले तीन बरोबर होते, आणि चार म्हणणाऱ्या सर्वांत आधी मी चुकलो होतो.